पदवी नसलेले कुलगुरू : आर्थर मॉर्गन

स्वतंत्र भारताने उच्च शिक्षणाचा विचार करण्यासाठी पहिला आयोग नेमला तो १९४८ च्या नोव्हेंबरात. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन त्याचे अध्यक्ष होते. डॉ. झाकिर हुसेन, डॉ. ताराचंद, डॉ. मेघनाद साहा, डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार अशी एकाहून एक विद्वान मंडळी त्यात होती. इंग्लंडमधून जेम्स डफ आले होते, तर अमेरिकेतून जॉन टायगर्ट आणि आर्थर मॉर्गन असे दोघे. यांपैकी मॉर्गन यांनी त्या वेळी वयाची सत्तरी गाठली होती, आणि परीक्षा देऊन मिळविलेली विद्यापीठाची पदवी म्हणावी तर त्यांच्याजवळ एकही नव्हती. देशातील पदव्यांची व्यवस्था तपासावयास बसलेल्या या मंडळात पदवीवाचून आलेला हा गृहस्थ कोण, आणि तेथवर पोहोचला कसा, याची हकीकत मराठीत फारशी कोणी सांगितलेली आमच्या पाहण्यात नाही. म्हणून हा लेख.

अमेरिकेत महाविद्यालयाच्या अथवा विद्यापीठाच्या प्रमुखास प्रेसिडेंट म्हणतात. आपल्याकडे साधारणतः ते काम कुलगुरूंचे. मॉर्गन ज्या अँटिऑक संस्थेचे सोळा वर्षे प्रेसिडेंट होते ती त्या काळी एक लहानसे महाविद्यालयच होती. विद्यापीठ हे नाव तिला पुढे १९७८ मध्ये मिळाले. तेव्हा शीर्षकातील कुलगुरू हा शब्द आम्ही थोड्या सैलपणे वापरला आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

मॉर्गन यांचा जन्म २० जून १८७८ चा, ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहराजवळचा. बालपण गेले मिनेसोटातील सेंट क्लाउड या गावी. वडील जमिनीच्या मोजणीचे काम करीत, आणि तेही स्वतःच शिकलेले. आई शाळेत शिकविलेली, धर्मनिष्ठ आणि वागणुकीच्या बाबतीत विलक्षण कडक. या दोहोंचे अंश मुलात पुरेपूर उतरले, आणि दुसऱ्या अंशाने त्यांना पुढे फार महागात पाडले, ते यथावकाश येईलच. शाळा संपल्यावर हा मुलगा घराबाहेर पडला आणि काही वर्षे कोलोराडोच्या डोंगराळ मुलखात मिळेल ते अंगमेहनतीचे काम करीत राहिला. तेथील विद्यापीठात नाव घातले, पण काही आठवड्यांतच सोडले. दृष्टी अधू, गाठीशी पैसा नाही. अखेरीस घरी परतून तो वडिलांच्या हाताखाली मोजणीची साखळी ओढू लागला.

मिनेसोटात तेव्हा दलदलीच्या जमिनीतील पाणी काढून ती लागवडीखाली आणण्याची धांदल चालली होती. चर खणणारे पुष्कळ होते, परंतु पाणी किती येईल आणि कोठे जाईल याचा हिशेब मांडणारे थोडे. मॉर्गन यांनी ही उणीव हेरली, पुस्तके मिळवून जलशास्त्राचा अभ्यास केला, आणि राज्याच्या निचऱ्याच्या कायद्याला वळण लावण्यापर्यंत मजल मारली. १९०७ मध्ये ते संघ सरकारच्या शेतकी खात्यात निचऱ्याच्या कामावर अभियंता म्हणून गेले आणि १९१० मध्ये मेम्फिस येथे त्यांनी स्वतःची कंपनी काढली. या काळातील एक घरगुती दुःख सांगावयास हवे. १९०४ मध्ये त्यांचा विवाह झाला आणि पुढच्याच वर्षी, मुलाच्या जन्मानंतर थोड्याच काळात, पत्नी वारली. तान्हे मूल पदरी घेऊन त्यांनी ही सारी वर्षे काढली. १९११ मध्ये लूसी ग्रिसकम या क्वेकर पंथातील सुविद्य स्त्रीशी त्यांचा दुसरा विवाह झाला.

त्यांचे नाव झाले ते डेटन शहराच्या पुरामुळे.

ओहायोतील डेटन हे मायामी नदीकाठचे कारखान्यांचे गाव. विमानाचा शोध लावणाऱ्या राइट बंधूंचेही हेच गाव. १९१३ च्या मार्चमध्ये ईस्टरच्या सुमारास तेथे तीन-चार दिवस अखंड पाऊस कोसळला. २५ मार्च रोजी नदी काठच्या बांधांवरून गावात शिरली आणि भर पेठेत पाणी काही ठिकाणी वीस फुटांपर्यंत चढले. त्या खोऱ्यात तीनशे साठांहून अधिक माणसे दगावली. राइट यांच्या घरी ठेवलेल्या पहिल्या उड्डाणाच्या छायाचित्राच्या काचाही पाण्याखाली गेल्या. त्या जगप्रसिद्ध चित्राच्या कोपऱ्यात दिसणारा डाग त्याच पुराचा. १९६१ च्या जुलैतील पानशेतचा प्रलय ज्यांनी पुण्यात पाहिला, अथवा २००५ आणि २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या काठी ज्यांची घरे बुडाली, त्यांना हे चित्र निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

डेटनकरांनी पुढे जे केले ते मात्र आपल्याकडे क्वचितच घडते. सरकारच्या मदतीची वाट न पाहता त्यांनी आपसांत वर्गणी केली. माळ्यावर अडकून पडलेले असताना जी वचने दिली होती त्यांची आठवण ठेवा, अशी साद घालून थोड्याच आठवड्यांत वीस लाख डॉलर जमविले आणि पस्तिशीच्या मॉर्गन यांना बोलावून सांगितले की असा पूर पुन्हा येता कामा नये.

लोकांची अपेक्षा होती की हा मनुष्य लगोलग नदीचे पात्र रुंद करावयास लागेल. मॉर्गन यांनी कुदळ उचलण्यापूर्वी दीर्घकाळ केवळ अभ्यास केला. त्या खोऱ्यातील नोंदी तर तपासल्याच, शिवाय युरोपातील नद्यांच्या जुन्या महापुरांची माहितीही मिळविली. कारण अमेरिकेतील नोंदी जेमतेम शंभर वर्षांच्या, आणि नदीचा स्वभाव शंभर वर्षांत कळत नाही. अनेक आराखडे ताडून अखेर त्यांनी ठरविले की १९१३ सालच्या पुराहून चाळीस टक्के अधिक पाणी आले तरी गाव सुरक्षित राहावे, आणि त्यासाठी नद्यांवर मातीची पाच कोरडी धरणे बांधावीत.

कोरडे धरण ही कल्पना आपल्याला जरा चमत्कारिक वाटते, कारण आपले धरण म्हणजे पाणी साठविण्याची जागा. मॉर्गन यांच्या धरणांच्या तळाशी एक मोरी ठेवलेली आहे. तिला दरवाजा नाही, ती सदैव उघडी. एरवी नदी तिच्यातून नेहमीसारखी वाहत असते आणि धरणामागील जमिनीवर शेती चालते. पूर आला की मोरीत मावेल तेवढेच पाणी पुढे जाते. उरलेले मागे पसरते आणि सावकाश ओसरते. दरवाजा उघडावयाचा कोणी, केव्हा आणि कोणाच्या हुकमाने, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. धरणे भरलेली ठेवावीत की पुरासाठी रिकामी, याविषयी आपल्या नदीकाठी दर पावसाळ्यात जो वाद होतो, तो ऐकताना आम्हांला या उघड्या मोरीची आठवण होते. अर्थात आपला पाऊस चार महिन्यांचा. आपल्याला पाणी साठविल्यावाचून गत्यंतर नाही. असो.

या कामासाठी कायदाही नवा करावा लागला. पूर जिल्ह्याच्या सीमा मानीत नाही, म्हणून अनेक जिल्ह्यांचे मिळून एक मंडळ असावे आणि ज्यांच्या मालमत्तेस लाभ होईल त्यांनी त्या मानाने खर्च सोसावा, असा कायदा ओहायोने १९१४ मध्ये केला. वरच्या भागातील शेतकऱ्यांनी कडाडून विरोध केला. डेटनच्या श्रीमंतांसाठी आमची शेते का बुडवावी, हे त्यांचे म्हणणे सर्वस्वी अन्यायाचे नव्हते. ऑसबॉर्न नावाचे एक अख्खे गाव, सुमारे चारशे घरांचे, चाकांवर घालून दुसरीकडे हलविण्यात आले. १९१८ मध्ये बांधकामास आरंभ होऊन १९२२ मध्ये पाचही धरणे पुरी झाली. कामगारांच्या वसाहतींत कुटुंबांसाठी घरे, मुलांसाठी शाळा अशी सोय मॉर्गन यांनी केली होती. धरणाचे काम म्हणजे मजुरांनी चार वर्षे चिखलात काढावयाची, हे त्यांस मान्य नव्हते. तेव्हापासून या धरणांनी दोन हजारांहून अधिक वेळा पुराचे पाणी अडविले, आणि डेटनमध्ये १९१३ ची पुनरावृत्ती झाली नाही.

या कामासाठी अभियंते निवडताना मॉर्गन यांना एक गोष्ट खटकत गेली. मोठमोठ्या विद्यापीठांतून आलेले तरुण आपल्या विषयात निष्णात असत. पण गणितात न बसणारा प्रश्न पुढे आला, चिडलेल्या शेतकऱ्याशी बोलावयाची वेळ आली, की ते गोंधळून जात. कामावर वाढलेल्या माणसांची गत उलट. त्यांना माणसे कळत, काम कळे, परंतु वाचनाअभावी दृष्टी तोकडी. मॉर्गन स्वतः दुसऱ्या वर्गातले. त्यांनी डेटनच्या उद्योजकांना सोबत घेऊन १९१७ मध्ये मोरेन पार्क नावाची शाळा काढली. तिच्या पाठीराख्यांत ऑरव्हिल राइट हेही होते. परंतु त्यांच्या मनात होते महाविद्यालय.

यलो स्प्रिंग्ज या खेड्यातील अँटिऑक कॉलेज १८५३ मध्ये सुरू झालेले. अमेरिकेतील सार्वजनिक शिक्षणाचे प्रणेते होरेस मान हे त्याचे पहिले अध्यक्ष. मॉर्गन विश्वस्त म्हणून आले त्या सुमारास त्याची अवस्था मोडकळीस आलेल्या वाड्यासारखी होती : इमारती जुनाट, विद्यार्थी मूठभर, पैसा नाही. एखाद्या शहाण्याने ते बंद करण्याचा सल्ला दिला असता. मॉर्गन यांनी ते मोकळी जमीन मिळाल्यासारखे मानले आणि १९२० मध्ये त्याचे अध्यक्षपद पत्करले.

त्यांची योजना १९२१ पासून अमलात आली. विद्यार्थ्याने काही आठवडे महाविद्यालयात शिकावयाचे आणि तितकेच आठवडे बाहेर पगारी नोकरी करावयाची, असे आलटून पालटून. एका नोकरीस दोन विद्यार्थ्यांची जोडी. एक शिकत असे तेव्हा दुसरा कामावर. कारखाना, वर्तमानपत्र, दुकान, प्रयोगशाळा, कोठेही. हर्मन श्नायडर यांनी सिनसिनाटी विद्यापीठात १९०६ पासून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी अशी पद्धत चालविली होती. मॉर्गन यांनी ती साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान शिकणाऱ्यांनाही लावली, आणि धाडस होते ते यातच. पदवीस चाराऐवजी पाच-सहा वर्षे लागत. अभियंता होऊ इच्छिणाऱ्यास साहित्य टाळता येत नसे आणि कवीस विज्ञान. परीक्षेत पर्यवेक्षक नसे. आपल्या जीविताचा हेतू काय, याविषयी प्रत्येकास लिहून द्यावे लागे.

येथे आमच्या वाचकांना कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ योजना आठवेल, आणि बडोद्याच्या वाचकांना सयाजीरावांनी १८९० मध्ये स्थापिलेले कलाभवन. साम्य आहे; परंतु फरकही ध्यानात घ्यावा. कर्मवीरांपुढे होता तो मुलगा ज्याच्याजवळ फी भरावयास पैसा नाही. श्रम हे त्याच्या शिक्षणाचे तिकीट होते. मॉर्गन यांच्या दृष्टीने श्रम हाच अभ्यासक्रमाचा अर्धा भाग. धनिकाच्या मुलासही तो सक्तीचा. आपल्याकडे गरिबाच्या मुलाने काम करून शिकले तर आपण त्याचे कौतुक करतो, आणि आपल्या मुलास मात्र अभ्यासावाचून दुसऱ्या कशाला हात लावू देत नाही; हे आम्ही आमच्या स्वतःच्या घरांविषयीच बोलत आहोत.

अँटिऑक तरारून उठले. विद्यार्थी शेकड्यांनी येऊ लागले, छापखाना आणि लहान उद्योग निघाले, चार्ल्स केटरिंग यांच्यासारख्या संशोधक उद्योगपतीने पैसा पुरविला, आणि १९२९ मध्ये एका माजी विद्यार्थ्याने आपल्या दिवंगत कन्येच्या नावे शेजारचे विस्तीर्ण वन देऊन टाकले. पुढील काळात नागरी हक्कांच्या चळवळीतील कोरेटा स्कॉट किंग आणि जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड हे याच संस्थेतून बाहेर पडले.

परंतु आईकडून आलेला तो कडकपणा येथे आडवा आला. १९३१ मध्ये पोर्तुगालात असताना मॉर्गन यांनी प्राध्यापकांना एक दीर्घ पत्र धाडले. तुम्ही चांगले महाविद्यालय चालविता आहात, पण आपण निघालो होतो नवा मनुष्य घडवावयास, आणि त्यात तुमची निष्ठा कमी पडली, असा त्याचा मथितार्थ. दहा वर्षे राबलेली माणसे दुखावली. परिणाम असा झाला की प्राध्यापकांनी कारभारात आपला अधिकृत वाटा मागितला आणि मिळविला. संस्थेच्या दृष्टीने हे हिताचेच ठरले असे आमचे मत आहे. धरणाच्या मातीला अभियंत्याचे ऐकावे लागते. प्राध्यापकांना ती सक्ती नसते.

१९३३ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी टेनेसी खोऱ्याच्या विकासासाठी प्राधिकरण स्थापिले आणि त्याचे प्रमुखपद मॉर्गन यांना दिले. अँटिऑकहून निघणारे मॉर्गन यांचे छोटेखानी पत्रक रूझवेल्ट कुटुंबात वाचले जात असे, असे सांगतात. तीन संचालकांपैकी मॉर्गन एक. दुसरे हारकोर्ट मॉर्गन हे टेनेसी विद्यापीठाचे माजी अध्यक्ष, नात्याने यांचे कोणी नव्हेत. तिसरे तरुण वकील डेव्हिड लिलिएंथल. पहिले नॉरिस धरण १९३६ मध्ये पुरे झाले. भरती गुणांवर केली, राजकारण्यांच्या चिठ्ठ्या परत धाडल्या, धरणाशेजारी आखीव-रेखीव नमुनेदार गाव वसविले. त्या गावात कृष्णवर्णीय कुटुंबांस मात्र जागा मिळाली नाही, आणि धरणाच्या पाण्याखाली सुमारे तीन हजार कुटुंबांची घरे गेली. गौरवग्रंथांत या दोन गोष्टी अंमळ हळू आवाजात सांगितल्या जातात.

लिलिएंथल यांच्याशी त्यांचे बिनसले ते खाजगी वीजकंपन्यांशी कसे वागावे यावरून. तो वाद मतभेदावर थांबला असता तर निभावले असते. मॉर्गन यांनी सहकाऱ्यांच्या प्रामाणिकपणावर जाहीर आरोप केले, आणि रूझवेल्ट यांनी समोर बोलावून पुरावा मागितला तेव्हा, आपण सांगू ते संसदेच्या चौकशीपुढेच, असे म्हणून उत्तर नाकारले. मार्च १९३८ मध्ये रूझवेल्ट यांनी त्यांना पदावरून दूर केले. साठीच्या उंबरठ्यावरचा मनुष्य यलो स्प्रिंग्जला परतला आणि लहान गावांच्या प्रश्नाकडे वळला. १९४० मध्ये त्यासाठी एक संस्था काढली, १९४२ मध्ये पुस्तक लिहिले. माणसाचा स्वभाव घडतो तो लहान समाजात. विद्यापीठे आणि शहरे तेथील हुशार मुले उचलून नेतात आणि मागे काही ठेवीत नाहीत, हा त्यांचा सिद्धान्त. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या लहान लहान मराठी वस्त्यांत, जेथे वाचनालय आणि गणेशोत्सव चालविण्यास दरवर्षी माणसे कमी पडतात, तेथे तो समजावून सांगण्याची गरज नसावी.

अशा मनःस्थितीत ते भारतात आले. त्याच वर्षी, १९४८ मध्ये, टेनेसीच्या धर्तीवर दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झालेला होता. त्या योजनेचा पाया १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घातला होता आणि मेघनाद साहांनी तिचा वर्षानुवर्षे पुरस्कार केला होता. आता तेच साहा आणि टेनेसीचे पदच्युत प्रमुख आयोगात शेजारी बसले. मॉर्गन यांना मात्र भारतात धरणांहून अधिक ओढ वाटली ती गांधीजींच्या बुनियादी शिक्षणाची. आयोगाने ऑगस्ट १९४९ मध्ये सादर केलेल्या अहवालात ग्रामीण विद्यापीठांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. ते प्रामुख्याने मॉर्गन यांचे. लहान निवासी महाविद्यालयांचे एक वर्तुळ, प्रत्येकात सुमारे तीनशे विद्यार्थी, मध्यभागी विद्यापीठाच्या सामायिक सोयी, आणि विद्यार्थ्यांचा अर्धा वेळ अभ्यासात, अर्धा प्रत्यक्ष कामात. त्यांची याच विषयावरील पुस्तिका १९५० मध्ये वर्ध्याजवळच्या सेवाग्रामहून प्रसिद्ध झाली.

या कल्पनेतून १९५६ मध्ये देशात ग्रामीण उच्च शिक्षणाच्या काही संस्था निवडण्यात आल्या. त्यांत दोन मराठी मुलखातल्या : एक अमरावतीची, आणि दुसरी कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटीचे मौनी विद्यापीठ. गारगोटीच्या उभारणीमागे शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांची दृष्टी होती. नाईक जन्माने आजऱ्याकडचे. त्यांच्या उमेदीची वर्षे धारवाड भागात गेली, तेव्हा आमच्या सीमाभागाला ते परके नव्हेत. योजना चांगली होती, माणसे निष्ठेची होती, तरीही ती पसरली नाही. या संस्थांच्या पदविकेला नोकरीच्या बाजारात पदवीचे मोल आले नाही. आईबाप विचारीत की याला बी. ए. म्हणतील का? हळूहळू यांतील बहुतेक संस्था नेहमीच्या विद्यापीठांस जोडल्या गेल्या. केरळात के. विश्वनाथन या तरुणाने मॉर्गन यांच्या सहवासात काही काळ राहून परतल्यावर १९५६ मध्ये वेल्लनाड येथे मित्रनिकेतन काढले. ते सरकारी मान्यतेच्या वाटेस न जाता वाढले.

मॉर्गन यांचे शेवटचे मोठे काम हरलेल्या लढ्याचे आहे. पेनसिल्व्हेनियात किन्झुआ येथे सरकारी लष्करी अभियंते धरण बांधावयास निघाले होते, आणि त्यात सेनेका या मूळ रहिवासी जमातीची जमीन बुडणार होती. ती जमीन अबाधित राहील असा तह १७९४ मध्ये, जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्ष असताना, झालेला. १९५७ मध्ये सेनेकांनी मॉर्गन यांना बोलाविले. एकोणऐंशी वर्षांच्या या अभियंत्याने नकाशे तपासून पाणी दुसरीकडे वळविण्याचा पर्यायी आराखडा काढून दिला. तो स्वीकारला गेला नाही. १९६५ मध्ये धरण पुरे झाले आणि सेनेकांना घरे व पूर्वजांची थडगी हलवावी लागली. मॉर्गन यांनी १९७१ मध्ये, त्र्याण्णवाव्या वर्षी, लष्करी अभियंत्यांच्या कारभारावर एक जळजळीत पुस्तक लिहिले आणि १९७४ मध्ये टेनेसीची आपली बाजू सांगणारे दुसरे. १९७५ च्या नोव्हेंबरात ते निवर्तले.

अँटिऑक कॉलेज पैशाच्या अडचणीने २००८ मध्ये बंद पडले. माजी विद्यार्थ्यांनी निधी जमवून ते सोडवून घेतले आणि २०११ मध्ये पुन्हा उघडले; अभ्यासाच्या सत्रांमध्ये नोकरीचे सत्र ठेवण्याची जुनी रीत त्यांनी तेवढी बदलली नाही.